हरकत आलेली नाही

(झूटरमेर, हेगजवळचं गाव. १ एप्रिल २०२०, संध्याकाळचे सहा. शर्वरीच्या फ्लॅटमध्ये ती आणि तिचे वडील राजन. ते परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले; फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले.)

राजन: पण हे तुला सांगितलं कुणी? तिच्या ऑफिसनं?

शर्वरी: नाही ना. तिच्या खालच्या मजल्यावरच्या बाईनं. डच आहे, सत्तरीच्या पुढची असेल आवाजावरून. सलवाच्या फ्रिजवर एक चिठ्ठी लावलेली होती म्हणे. त्यावर तीन नंबर. एक हाउसआर्ट्सचा, म्हणजे तिच्या फॅमिली डॉक्टरचा, एक लेबनॉनचा, तो लागत नाही. आणि तिसरा माझा.

राजन: तुझा कसा?

शर्वरी: तेच मला कळत नाहीये. आम्ही काही मैत्रिणी नाही बाबा. मीटिंग संपली की मी तिच्याबरोबर ट्रॅमच्या स्टॉपपर्यंत चालत जायचे. तिचा गुडघा दुखतो, हळू चालते, म्हणून. एवढंच.

राजन: घरी आणखी कुणी नाही?

शर्वरी: एकटी असते. एकसष्ट वर्षांची आहे. जन्म लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावणीतला, भाऊ अजून तिथेच. सोमवारी संध्याकाळी श्वास लागला, ह्या बाईनं अँब्युलन्स बोलावली. काल दुपारपासून व्हेंटिलेटरवर आहे. शुद्ध नाही. आणि इथल्या हॉस्पिटलात जागा कमी पडतेय, तर कदाचित जर्मनीला हलवतील.

राजन: जर्मनीला! अशा अवस्थेत?

शर्वरी: हेलिकॉप्टरनं नेतात. बाबा, ते राहू दे, माझा प्रश्न वेगळा आहे. ती सोमवारी संध्याकाळी हॉस्पिटलात गेली. आणि सचिवालयातून मसुदा मी पाठवला मंगळवारी, दुपारी बारा वाजता.

राजन: तुमचा तो निर्वासितांच्या ठरावाचा?

शर्वरी: तोच. चौदा शिष्टमंडळं, आठ महिने चाललंय. न्यूयॉर्कला युनोच्या आमसभेत जायच्या आधी भाषा पक्की करायची होती. आता समोरासमोर बसता येत नाही आणि झूमवर चौदा जण एकाच वेळी बोलतात. म्हणून अध्यक्षांनी मौनाची पद्धत लावली.

राजन: सायलेन्स. आमच्या वेळीही होती ती. मसुदा फिरवायचा, मुदत द्यायची, आणि मुदतीत कुणी लेखी हरकत घेतली नाही तर सगळ्यांना मान्य आहे असं धरायचं. किती तास दिलेत?

शर्वरी: बहात्तर. शुक्रवारी बारापर्यंत.

राजन: आणि ही तुमची सलवाबाई पॅलेस्टाइनच्या शिष्टमंडळाची प्रमुख.

शर्वरी: हो. तिनं तो मेल उघडलेलासुद्धा नाही बाबा.

राजन: मसुद्यात बदल काय आहे?

शर्वरी: परिच्छेद सहा. आधी होतं, निर्वासितांच्या आपापल्या घरी परतण्याच्या हक्काचा ही सभा पुनरुच्चार करते. आता आहे, त्या विषयावर आधी झालेल्या चर्चांची ही सभा नोंद घेते.

राजन: अरे वा. 'हक्क' गेला, 'चर्चा' आल्या.

शर्वरी: तीन देश अडून बसले होते. हे घातलं तर ते सही करतील असं अध्यक्षांचं म्हणणं.

राजन: करतीलच. पुनरुच्चार म्हणजे आम्ही बोललो होतो आणि अजून त्यावर उभे आहोत. आणि नोंद काय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या तक्रारीचीही घेतात. अठ्ठेचाळीस साली पहिला ठराव झाला ना, त्यात लिहिलं होतं, ज्यांना परतायचंय त्यांना व्यवहार्य असेल त्या सर्वांत लवकरच्या तारखेला परतू द्यावं. ती तारीख अजून उजाडली नाही. पण निदान ओळ तरी होती.

शर्वरी: सलवानं हे एका मिनिटात परत पाठवलं असतं. डोळे मिटून. सगळ्यांना माहीत आहे ते.

राजन: तू उद्या सकाळी अध्यक्षांना सांग. तोंडी सांग आणि मग दोन ओळी लिहूनही पाठव. तुझं काम तेवढं आहे. काय, जेवतेस ना? मी मुगाची खिचडी टाकलीय.

*

राजन: संपला फोन?

शर्वरी: संपला.

राजन: मी आत होतो. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून राजदूताशी बोलणारी तू जगात पहिलीच असशील.

शर्वरी: बाबा, नको ना आत्ता.

राजन: बरं. काय म्हणाले अध्यक्ष?

शर्वरी: आधी म्हणाले, फार वाईट झालं. खरंच वाईट वाटलं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. मग विचारलं, हे तुम्हाला अधिकृतपणे कळलंय का. मी म्हटलं, शेजारणीचा फोन आला. म्हणाले, म्हणजे अधिकृत नाही. आणि कुणाच्या आजारपणाची माहिती आपण बाकीच्यांना देऊ शकत नाही, प्रायव्हसीचा कायदा आहे.

राजन: कायदा आहे खरा. पण कारण न देता मुदत वाढवता येते.

शर्वरी: तेच म्हटलं मी. सोमवारपर्यंत वाढवू या. तर म्हणाले, कारण न देता वाढवली की तर्क सुरू होतात. हे तीन देश आत्ता कुठे वळलेत, पुन्हा मागे सरकतील. सलवाच्या शिष्टमंडळात आणखी माणसं असतीलच, ती बघतील. शुक्रवार म्हणजे शुक्रवार. आणि शेवटी काय म्हणाले माहितीये? तुम्ही दमलेल्या दिसता, शनिवार-रविवार काम करू नका.

राजन: तू लिहून पाठवलंस ना?

शर्वरी: पाठवलं. उत्तर नाही आलं.

राजन: मग झालं. तू मोकळी.

शर्वरी: मोकळी कुठली! शिष्टमंडळात आणखी माणसं आहेत, खरं आहे. एक फिरास म्हणून आहे, तिचा डेप्युटी, रामल्लात असतो. नवीन आहे. मार्चच्या सुरुवातीला त्यानं मला मेल केला होता, माझं नाव यादीत घाला, म्हणजे मलाही कागद येतील. मी काय उत्तर दिलं? कृपया लेटरहेडवर पत्र पाठवा.

राजन: बरोबरच दिलंस.

शर्वरी: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे सगळं बंद झालं. ऑफिसला कुलूप. लेटरहेड आणणार कुठून तो? पत्र आलं नाही आणि मीही परत विचारलं नाही. विसरले. म्हणून मंगळवारचा मेल एकट्या सलवाला गेला.

राजन: नियम तसा आहे शर्वरी.

शर्वरी: माझ्याकडे पत्ता आहे त्याचा. एक फॉरवर्ड. काही लिहायचीसुद्धा गरज नाही.

राजन: आणि उद्या विचारलं की हा मसुदा यादीबाहेरच्या माणसाकडे कसा गेला, तर?

शर्वरी: तर मी पाठवला.

राजन: अध्यक्षांनी नाही म्हटल्यावर. लेखी विचारून, नकार घेऊन, मग पाठवला. हे विसरणं नाही, हे ठरवून केलेलं. त्याच दिवशी काढतील तुला.

शर्वरी: काढतील.

राजन: तुझं परमिट ह्या नोकरीला बांधलेलं आहे. नोकरी गेली की दुसरी शोधायला तीन महिने. ह्या दिवसांत? लोकांना कामावरून कमी करतायत, तुला कोण घेईल? नाही मिळाली तर देश सोडायचा. तोही कसा सोडणार, शिफोलच्या धावपट्टीवर विमानं उभी करून ठेवलीत म्हणतात. बारा वर्षं झाली तुला इथे. लायडनला शिकलीस, घर घेतलंस, भाषा शिकलीस. मी परवा त्या तळ्याच्या बाजूनं चाललो होतो, तर एक म्हातारा दीड मीटर लांब उभा राहून मला म्हणाला, तुमची मुलगी फार छान डच बोलते. असं आहे.

शर्वरी: सलवाही बारा-तेरा वर्षंच राहते इथे. तिच्या इथल्या पहिल्या रहिवासी कार्डावर नागरिकत्वाच्या रकान्यात लिहिलं होतं, अज्ञात. ती हसून सांगायची.

राजन: तू तिच्यासाठी काय काय करणार आहेस?

शर्वरी: मी काहीच करत नाहीये, तोच तर प्रश्न आहे. बाबा, मला एक सांगा. बाप म्हणून नको. तुम्ही न्यूयॉर्कला होतात, त्याच समितीत बसायचात. माझ्या खुर्चीवर तुम्ही असतात तर काय केलं असतं?

राजन: गप्प बसलो असतो.

शर्वरी: नक्की?

राजन: बत्तीस वर्षं तेच केलं. सचिवालयाला बातमी नसते, कागद असतो. कागद आला तर हलायचं. नाही आला तर नाही. तसं नसतं तर एकाही देशानं सचिवालयावर विश्वास ठेवला नसता. तुझ्यावरही ठेवणार नाहीत. आज तू एका बाजूला मदत केलीस, उद्या दुसरी बाजू विचारेल.

शर्वरी: हं.

राजन: तुला पटत नसेल तर तसं सांग.

शर्वरी: पटतंय. म्हणूनच त्रास होतोय.

*

राजन: किती वाजले?

शर्वरी: अकरा पस्तीस. तुम्ही पाच मिनिटांपूर्वीच विचारलंत.

राजन: चहा ठेवू का?

शर्वरी: नको. ठेवा. नको.

राजन: ते काय उघडून ठेवलंयस?

शर्वरी: फिरासचा मेल. पत्ता घातलाय, मसुदा जोडलाय. फक्त पाठवायचं बटण राहिलंय. थांबा, फोन येतोय. हा नंबर... थांबा हं.

राजन: घे, मी आत जातो.

*

राजन: कोण होतं?

शर्वरी: एका मित्रदेशाच्या शिष्टमंडळातला माणूस. पॅलेस्टाइनच्या बाजूनं नेहमी बोलणारे ते.

राजन: काय म्हणत होता?

शर्वरी: म्हणाला, परिच्छेद सहा बघून आम्हाला आश्चर्य वाटलं. आम्ही हरकत घेणार होतो. पण सलवाकडून काहीच आलेलं नाही. ती गप्प आहे याचा अर्थ तिला हे चालतंय, काहीतरी देवाणघेवाण झाली असेल. मग आम्ही मध्ये पडून तिचं गणित कशाला बिघडवायचं? तिला फोन केला, ती उचलत नाही. तुम्हाला काही कल्पना आहे का?

राजन: असं विचारलं? तुला?

शर्वरी: अगदी ह्याच शब्दांत. काही कल्पना आहे का.

राजन: मग?

शर्वरी: मी म्हटलं, कुठल्याही शिष्टमंडळाच्या भूमिकेबद्दल सचिवालय बोलू शकत नाही. तो म्हणाला, ऑफकोर्स, ऑफकोर्स. थँक यू म्हणाला. ठेवला.

राजन: शर्वरी.

शर्वरी: किती सहज आलं तोंडातून. अडखळलेसुद्धा नाही.

राजन: अजून वीस मिनिटं आहेत.

शर्वरी: म्हणजे? आता तुम्ही काय सांगताय मला? पाठवू?

राजन: नाही. मी काही सांगत नाहीये. वेळ सांगितली फक्त.

शर्वरी: तुम्ही पाठव म्हणा, मी पाठवते. म्हणा ना.

राजन: हा कसला वास येतोय?

शर्वरी: बाबा.

राजन: चहा उतू गेला वाटतं. बघून येतो.

*

राजन: बारा पाच.

शर्वरी: बघितलं.

राजन: तुला सगळ्यांना कळवावं लागेल ना?

शर्वरी: वाक्य तयार असतं. 'ठरलेल्या मुदतीत एकही हरकत आलेली नाही, सबब मसुदा मान्य झाला आहे.' चौदा जणांना. सलवालाही जाणार. पाठवते.

राजन: वाक्यात खोटं काही नाही.

शर्वरी: नाही ना. एक शब्दही नाही. फिरासचा मेल मी पुसून टाकला बाबा. अकरा एकोणसाठला. तोवर नुसती त्याच्याकडे बघत बसले होते.

*

राजन: हे काय वाजतंय एवढं?

शर्वरी: आज सत्तावीस एप्रिल, इथल्या राजाचा वाढदिवस. बाहेर जायचं नाही म्हणून लोक बाल्कनीत उभं राहून राष्ट्रगीत वाजवतायत. दहा वाजता सगळ्या देशानं एकदम. समोरच्या इमारतीतला तो ट्रम्पेटवाला.

राजन: सूर चुकतोय त्याचा. तू काल रात्रीही जेवली नाहीस. तीन आठवडे झाले, मी बघतोय. तुझे कपडे ढगळ व्हायला लागले.

शर्वरी: जेवते मी. शेजारणीचा फोन आला होता सकाळी. सलवा जिवंत आहे. जर्मनीत, म्युन्स्टरला. अजून नळीवर, पण ताप उतरलाय.

राजन: चला. निदान ते तरी.

शर्वरी: तिच्या भावाचा नंबर लागला एकदाचा. त्या बाईनं मोडक्या इंग्रजीत त्याला सांगितलं, बहीण जर्मनीत आहे. तर त्यानं पहिला प्रश्न काय विचारला असेल? जगेल का, हे नाही. त्यानं विचारलं, तिला तिथून परत येऊ देतील ना? तिचे कागद आहेत ना तिच्याजवळ?

राजन: आहेत का?

शर्वरी: पासपोर्ट घरीच राहिलाय. टेबलावर. बाईला दिसला होता. ती म्हणते, मी त्याला कितीदा सांगितलं की इथे तसं काही नसतं, युरोपात कुणी विचारत नाही. त्याला पटेना. तो म्हणे, पासपोर्ट पोस्टानं पाठवा, आजच पाठवा.

राजन: हं.

शर्वरी: आणि फिरासचं पत्र आलं. लेटरहेडवर. सही, शिक्का, सगळं. कुणाला तरी पाठवून ऑफिस उघडून घेतलं असणार. मी लगेच त्याचं नाव यादीत घातलं. नियमाप्रमाणे. अर्ध्या तासात त्याचा मेल, तीन एप्रिलला काय झालं? आमच्या वतीनं कुणी संमती दिली?

राजन: काय कळवलंस?

शर्वरी: तेच वाक्य.

राजन: मला तुला काहीतरी सांगायचंय. ते बाजूला ठेव आणि इकडे बघ. तू मला विचारलंस, बाप म्हणून नको, अधिकारी म्हणून सांगा. आठवतं?

शर्वरी: हो.

राजन: मी बाप म्हणूनच सांगितलं. कपडे अधिकाऱ्याचे चढवले फक्त. तुझं परमिट, तुझं घर, तू परत येऊन पुण्यात काय करशील, तुझी आई नाही आता, मी किती वर्षं असणार, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. सलवाबाई त्यात नव्हतीच. तो कागद, सचिवालय, विश्वास, हे सगळं नंतर सुचलं.

शर्वरी: पण तुम्ही म्हणालात, बत्तीस वर्षं तेच केलं.

राजन: केलं ना. ते खरं आहे. न्यूयॉर्कला एक म्हातारे गृहस्थ होते त्यांच्या कचेरीत, पॅलेस्टाइनच्या. नाव आता आठवत नाही, ह्याचीही लाज वाटते. छापलेला मसुदा आला की ते कॉरिडॉरमध्ये बसायचे, पेन्सिल घेऊन जुन्या मसुद्याशी एकेक शब्द ताडून बघायचे. एकदा एक शब्द गाळला गेला होता. मुद्दाम. मला माहीत होतं कुणी गाळला ते. ते माझ्याकडे आले, म्हणाले, मिस्टर राजन, मला हल्ली नीट दिसत नाही, हे बरोबर आहे ना? मी म्हटलं, छापून आलंय म्हणजे बरोबरच असणार.

शर्वरी: मग?

राजन: मग काही नाही. ते थँक यू म्हणाले. मी घरी गेलो. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस, तुला गोवर निघाला होता. दुसऱ्या दिवशी मी ते विसरलोही. तेहतीस वर्षं विसरलो होतो. त्या शुक्रवारी तुझा तो फोन झाला आणि आठवलं.

शर्वरी: आणि तरी तुम्ही चहा बघायला गेलात.

राजन: तरी गेलो.

*

शर्वरी: बाबा, सलवाचा फोन होता.

राजन: कुठून?

शर्वरी: इथूनच. गेल्या आठवड्यात तिला परत आणलं. पुन्हा चालायला शिकवतात तशा एका ठिकाणी आहे, हेगच्या बाहेर. मी आवाजच ओळखला नाही. घशात पाच आठवडे नळी होती. एक वाक्य बोलते आणि थांबते.

राजन: तुला का केला?

शर्वरी: म्हणाली, मला स्क्रीनवरची अक्षरं हलताना दिसतात, परिच्छेद सहा वाचून दाखव. मी वाचला. म्हणाली, परत वाच. परत वाचला. मग विचारलं, कुणीच हरकत घेतली नाही? मी म्हटलं, नाही. मी आजारी आहे हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत होतं का? म्हटलं, नव्हतं.

राजन: ठीक आहे.

शर्वरी: मग म्हणाली, तुला?

राजन: काय सांगितलंस?

शर्वरी: बुधवारी कळलं म्हणून. बुधवारी संध्याकाळी साडेपाचला. त्या देशाच्या माणसाचा फोन, तेही सांगितलं. फिरासचा मेल लिहून पुसला, तेसुद्धा.

राजन: सगळंच?

शर्वरी: सगळं. मागून कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तेवढाच आवाज. मला वाटलं फोन ठेवते आता. मग म्हणाली, तुमच्या नोंदीत माझं शिष्टमंडळ मौन राहिलं असं आहे. मी मौन नव्हते. मी बेशुद्ध होते. हा फरक मला कागदावर हवा.

राजन: मसुदा पुन्हा उघडतील असं वाटतंय तिला? नाही उघडणार.

शर्वरी: तिला माहीत आहे. म्हणाली, तो गेला, आता न्यूयॉर्कला दुसरे लोक भांडतील, मला तेवढा दम नाही. पण दहा वर्षांनी कुणीतरी उठून म्हणेल, वीस साली तुम्हीच कबूल केलं होतं, ही बघा नोंद. त्या दिवशी आमच्या माणसाच्या हातात दुसरा कागद हवा. कुणाला केव्हा काय माहीत होतं, तारीख आणि वेळ घालून.

राजन: म्हणजे तुझी साक्ष. तुझ्याविरुद्ध.

शर्वरी: आणि अध्यक्षांच्या. म्हणाली, नाही जमलं तर मी समजेन, तुझी नोकरी आहे. खरंच तसं वाटून म्हणाली. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

राजन: तू काय ठरवलंयस?

शर्वरी: लिहून झालंय. तिला, फिरासला, चौदा जणांना आणि आमच्या संचालकांना. सोमवारी सकाळी ते बघतील, दुपारपर्यंत माझा लॅपटॉप परत मागतील. तीन महिने मिळतील शोधायला. बघू. तुम्ही रागावणार असाल तर आत्ता रागावून घ्या.

राजन: वाच.

शर्वरी: मूळ इंग्रजीत आहे, तुम्हाला मराठीत सांगते. 'बुधवार, १ एप्रिल रोजी संध्याकाळी साडेपाच वाजता मला समजलं की पॅलेस्टाइनच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आहेत आणि त्यांनी मसुदा पाहिलेला नाही. त्यांनी माझं नाव इथे जाहीर करण्यास परवानगी दिली आहे. २ एप्रिलला सकाळी मी हे अध्यक्षांना तोंडी आणि लेखी कळवलं. दुर्दैवाने मुदत वाढवण्यात आली नाही...'

राजन: 'दुर्दैवाने' काढ.

शर्वरी: का?

राजन: दैवाचा काय संबंध? माणसांनी वाढवली नाही. आणि वर 'त्यांनी माझं नाव' असं झालंय, 'त्यांचं नाव' पाहिजे. पुढे.

शर्वरी: '३ एप्रिलला अकरा चाळीसला एका शिष्टमंडळाने मला फोन करून थेट विचारलं. परिस्थितीमुळे मी ही माहिती देऊ शकले नाही.'

राजन: देऊ शकली असतीस.

शर्वरी: हो.

राजन: मग तसं लिही. 'मी ही माहिती दिली नाही.' परिस्थिती कशाला मध्ये?

शर्वरी: 'मी ही माहिती दिली नाही.' केलं. 'मुदतीत हरकत आलेली नाही ही नोंद खरी आहे, पण पुरी नाही. शिष्टमंडळ बोलू शकत नव्हतं हे सचिवालयाला माहीत होतं.' संपलं.

राजन: एक राहिलं. तू ज्याचा सल्ला घेतलास, तोही माणूस होता ना त्यात?

शर्वरी: ते नाही बसत बाबा. घरातलं बोलणं पत्रात कसं घालणार? आणि निर्णय माझा होता.

राजन: नाही बसत, खरं आहे. बरं, सही कशी करतेस?

शर्वरी: शर्वरी सबनीस. इथे तेवढंच असतं सगळीकडे.

राजन: पूर्ण नाव लिही.

शर्वरी: का?

राजन: मध्ये माझं येऊ दे.